गुदस्वच्छता: किती धुवावे, कुठे थांबावे

गुदद्वाराभोवतीची दोन-तीन बोटे रुंदीची त्वचा शरीरावरच्या सर्वांत हळव्या भागांपैकी एक आहे. गुदमार्गात साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदना जवळजवळ कळतच नाही. म्हणूनच आतली मूळव्याध रक्त गाळते, पण सहसा दुखत नाही. रेषेच्या खाली मात्र मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि तिथे केसाएवढी भेग पडली तरी माणसाला बसवत नाही. शिवाय ही त्वचा चुण्यांची, कायम दबलेली, घामेजलेली आणि वारा न लागणारी. एवढ्या गैरसोयीत ती शाबूत राहते हेच विशेष, आणि ती राहते ते तिच्या वरच्या पातळ तेलकट थरामुळे. तो थर कायम राहील अशी स्वच्छता सौम्य म्हणायची. जी तो खरवडून काढते ती कितीही काटेकोर असली तरी चुकीचीच.

निरोगी त्वचेचा सामू 5 ते 5.5च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. मलाचा सामू त्याहून वर, सातच्या जवळ जातो. मलात प्रथिने आणि चरबी पचवणारी विकरे शिल्लक असतात, आणि सामू चढला की ती जास्त जोमाने काम करतात. तेव्हा मल त्वचेवर राहिला, तर जी रसायने अन्न फोडण्यासाठी असतात ती त्वचाच फोडू लागतात. जुलाबात अन्न आतड्यातून घाईने उतरते, त्याबरोबर न वापरलेली विकरे आणि पित्ताम्लेही उतरतात. चार-पाच वेळा जाऊन आल्यावर ती जागा भाजल्यासारखी का होते, याचे कारण हे आहे. मल वेळेवर निघाला पाहिजे, याबद्दल म्हणून वाद नाही. वाद आहे तो कशाने काढायचा आणि कुठवर काढत राहायचे याचा.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर गुदद्वाराला तीन वेळा माती लावावी आणि डाव्या हाताला दहा वेळा, असा हिशेब दिला आहे. या हिशेबात हाताला गुदद्वाराच्या तिपटीहून अधिक माती आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू शुद्धीचा होता, आरोग्याचा नव्हे. तरी घासायचे ते हात, ती जागा नव्हे, हे प्रमाण आजच्या वैद्यकालाही मान्य व्हावे असे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘अहिपूतना’ नावाचा बालरोग येतो. बाळाचे मलमूत्र वेळेवर न धुतल्याने गुदभागी खाज सुटते, खाजवल्याने फोड येतात, ते पाझरतात आणि एकमेकांत मिसळून व्रण होतो, असा त्याचा क्रम सांगितला आहे. लंगोटाच्या पुरळाचे वर्णन आजही याहून फार वेगळे करता येणार नाही.

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले मेहकर आणि आसपासचा बिदर-कलबुर्गीचा मराठी बोलणारा सीमाभाग या बाबतीत उर्वरित देशासारखाच पाण्याने धुणारा आहे. परसाकडे टमरेल घेऊन जाणे असो की स्वच्छ भारत मोहिमेनंतर, म्हणजे 2014पासून, दारात आलेला संडास असो, कागदाने पुसून उठण्याची रीत इथे कधी नव्हती. त्वचेच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे. कोरडा कागद मल पुसतो कमी आणि पसरवतो जास्त. पुन्हापुन्हा घासल्याने चुण्यांमध्ये बारीक ओरखडे पडतात. अमेरिकेत जोसेफ गायेटीने 1857 साली खास शौचासाठी बनवलेला कागद विकायला काढला, तेव्हा त्यात कोरफडीचा अंश होता आणि जाहिरात मूळव्याधीवरचा उपाय म्हणून होती. जपानमध्ये 1980 साली ‘टोटो’ने कोमट पाण्याची धार सोडणारे आसन बाजारात आणले आणि तिथला समाज कागदाकडून पाण्याकडे वळला. पण तिथल्याच गुदरोगतज्ज्ञांना पुढे एक नवाच रुग्णवर्ग दिसू लागला: जोरदार धारेने, बराच वेळ, दिवसातून अनेकदा धुणारा आणि म्हणूनच खाजेने हैराण झालेला. पाणी सौम्य असते, धार सौम्य असतेच असे नाही. भालकी-बिदरच्या नव्या घरांमध्ये कमोडशेजारी लटकणारा जेट सर्रास दिसतो, त्यालाही हेच लागू आहे. त्याचा खटका अर्धाच दाबावा, धार बाहेरच्या बाजूने यावी. धार आत घुसली तर पाणी गुदमार्गात साचते आणि नंतर तासभर झिरपत राहते. तांब्यातले ओतलेले पाणी आणि बोटांचा हलका स्पर्श यात असला धोका नाही.

पाण्याचा दर्जा हा इथला खास प्रश्न आहे. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले. त्या दगडात पंधराव्या शतकात, बहमनी काळात, भुयारी कालवे खोदून पाणी आणले गेले, ते कारेज आजही दाखवतात. पठार सोडून भालकीकडे उतरले की काळा पाषाण आणि काळी माती लागते, आणि उन्हाळ्यात गावोगाव भिस्त बोअरवर येते. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड. साबणाला फेस येत नाही, आणि कलबुर्गीची नावाजलेली तूरडाळही त्यात लवकर शिजत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. तो बादलीच्या कडेला दिसतो; त्वचेवर बसतो तेव्हा दिसत नाही, पण चुण्यांत अडकतो आणि सहज धुऊन निघत नाही. नुसत्या जड पाण्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते जड पाणी आणि साबण एकत्र आल्यावर.

साबण हाताला, त्या जागेला नको, हा नियम एवढ्याने स्पष्ट व्हावा. अंगाच्या साध्या वडीचा सामू 9 ते 10 असतो. ती तेलकट थर उतरवते आणि त्वचेचे आम्लपण काही तासांपुरते तरी घालवते. सुवासिक वडीतला वास आणि रंग हे ॲलर्जीचे वेगळे निमित्त. त्याहून वाईट सवय जंतुनाशकाची. घरोघरी डेटॉल या नावाने ओळखले जाणारे क्लोरोझायलेनॉलचे द्रावण बादलीत अंदाजाने ओतून धुणारे बरेच आहेत. खाज सुटली की ते आणखी ओततात. कडुनिंबाचा काढा, तुरटी, मिठाचे पाणी हे त्याच पंथातले. भाजल्यासारखी झालेली त्वचा यातल्या कशानेही भरून येत नाही, उलट चरचरते, आणि ती चरचर म्हणजेच ‘औषध लागू पडले’ असा समज करून घेतला जातो. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, अजूनही अनेक ठिकाणी टबात टाकायला सांगतात. त्याचा न विरघळलेला एखादा स्फटिकही त्वचा जाळू शकतो. ही जागा निर्जंतुक कधीच होणार नसते. आतड्यातले अब्जावधी जिवाणू रोज त्याच वाटेने जातात, आणि अखंड त्वचेला त्यांचा काही उपद्रव नाही. दिवसातून एकदा, शौचानंतर, साध्या किंवा कोमट पाण्याने धुणे पुरेसे असते. अंघोळीच्या वेळी पुन्हा पाणी फिरवले तर तेही साबणाविना.

धुण्याबद्दल सगळे बोलतात, टिपण्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि धुणाऱ्या समाजाची खरी उणीव तिथेच आहे. ओल्या अंगाने उठून कपडे चढवणे ही सर्वांची सवय. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात दिवसभर रानात वाकून काम किंवा मोटारसायकलीच्या रेक्झिनवर बसणे. धुण्याचे पाणी वाळायच्या आधी त्यात घाम मिसळतो. ओली त्वचा फुगते, मऊ पडते, एकमेकींवर घासून सोलवटते. मांड्यांना काच लागतो तो हाच प्रकार, आणि पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. उपाय साधा आहे: मऊ सुती कापडाने, न घासता, दाबून टिपणे. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा यासाठी बाजारातल्या कोणत्याही रुमालापेक्षा सरस. तो प्रत्येकाचा वेगळा असावा, रोज धुवावा आणि उन्हात वाळवावा. घरातल्या बायकांना असे कापड दोरीवर उघड वाळत घालायचा संकोच वाटतो आणि ते कोपऱ्यात, अंधारात, दमट राहते. मग त्याचा फायद्यापेक्षा तोटाच जास्त. त्यापेक्षा साधा, वास नसलेला टिश्यू वापरून टाकून देणे बरे. आतले कपडे सुती आणि सैल हवेत. टाल्कम पावडर घामाबरोबर गोळा होऊन चुण्यांत बसते, म्हणून ती टाळावी.

स्त्रियांच्या बाबतीत दिशेचा एक नियम पाळावा लागतो: धुणे आणि टिपणे नेहमी पुढून मागे. मूत्रमार्ग आणि योनीमार्ग गुदद्वाराच्या अगदी जवळ असल्याने उलट्या दिशेने हात फिरला की आतड्यातले जिवाणू मूत्रमार्गात पोचतात आणि लघवीची आग सुरू होते. पाळीच्या दिवसांत पॅड तासन् तास तसेच राहिले तर मागच्या बाजूलाही पुरळ उठते.

ओल्या वाइप्स हा अलीकडचा पाहुणा. तान्ह्या बाळांसाठी आलेल्या, आता प्रवासात मोठेही वापरू लागले. त्या मऊ असतात, पण कुजू नयेत म्हणून त्यात परिरक्षक घालावे लागतात. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली, की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 2013 सालचा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवले आणि युरोपीय संघाने 2017मध्ये, लावून तशाच ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. वाइप वापरलीच तर नंतर साध्या पाण्याने धुऊन टिपावे. पण मग वाइपची गरज काय उरली, हा प्रश्न राहतोच.

स्वच्छतेची निम्मी लढाई आतड्यात जिंकली किंवा हरली जाते. मल बांधलेला, मऊ आणि एकदाच पूर्ण होणारा असेल तर धुवायला फारसे काही उरत नाही. तो चिकट असेल, थोडाथोडा होत असेल, तर कितीही धुतले तरी मागाहून अंश झिरपतो आणि माणूस पुन्हापुन्हा संडास गाठतो. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा मिळावा असे सामान्यतः सांगतात. सीमाभागाचा जुना आहार, म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, रानभाज्या, शेंगदाण्याची चटणी, याला त्यासाठी काही शिकवायला नको. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बसून खाल्ल्या जाणाऱ्या भज्जीत इतक्या प्रकारचे ओले दाणे आणि भाज्या असतात, की आहारतज्ज्ञानेही हेवा करावा. अडचण एवढीच की ती वर्षातून एकदाच होते. रोजच्या ताटात भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ आणि नाश्त्याला मैद्याची बिस्किटे आली, तिथे बद्धकोष्ठही आले. चोथा कमी पडत असेल तर चमचा-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेता येते. ते बद्धकोष्ठ आणि पातळ मल दोन्हींत उपयोगी पडते, कारण ते पाणी धरून ठेवते. एरंडेल वारंवार घेणे मात्र आतड्याला आणि त्या जागेला, दोघांनाही महागात पडते.

काही पदार्थांनी खाज वाढते असे वैद्यकात मानले जाते: कॉफी, चहा, कोला, चॉकलेट, टोमॅटो, लिंबूवर्गातली फळे, बिअर. कॉफीने गुदद्वाराचा स्नायू थोडा सैल होतो आणि अंश झिरपतो. सगळ्यांना सगळे बाधत नाही. दोन आठवडे एकेक बंद करून पाहणे हाच मार्ग. ठेच्याची गोष्ट वेगळी. मिरचीतले कॅप्सेसिन पूर्ण पचत नाही आणि बाहेर पडताना दातेरी रेषेखालच्या मज्जातंतूंना भेटते. भेग असलेल्याने भेग भरेपर्यंत ठेचा बाजूला ठेवावा, इतरांना तो सोडण्याचे कारण नाही.

आता खाजेविषयी. ती कधी नुसत्या ओलाव्याची आणि अतिस्वच्छतेची असते, कधी दुसऱ्या रोगाची खूण. पहिल्या प्रकारात एक दुष्टचक्र फिरते: खाज, म्हणून घासणे, घासण्याने ओरखडे, ओरखड्यांवर साबण, म्हणून आग आणि पुन्हा खाज. माणसाला वाटते आपण अजून पुरेसे स्वच्छ नाही, आणि तो आणखी धुतो. गुदखाजेवरच्या वैद्यकीय लिखाणात अतिस्वच्छता हे नेहमीच्या कारणांमध्ये धरलेले असते, हे इथल्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत सांगणे सोपे नाही.

मुलांना रात्री खाज सुटत असेल तर आधी जंतांचा विचार करावा. सुतासारखे, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे कृमी मोठ्या आतड्यात राहतात. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती हजारो अंडी चिकटवते. काही तासांतच ती अंडी दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. मूल खाजवते, अंडी नखांत जातात आणि तिथून तोंडात, अंथरुणात, भावंडांपर्यंत. सकाळी, धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की अंडी दिसतात. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी आणि दोन आठवड्यांनी दुसरी, हा नेहमीचा उपचार. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी मात्रा. देशात 2015पासून 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिवस पाळतात आणि शाळा-अंगणवाड्यांतून 1 ते 19 वयाच्या मुलांना ही गोळी देतात. पण एकट्या मुलाने गोळी खाऊन हे कृमी घरातून जात नाहीत. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे, नखे कापावीत, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे, आणि काही दिवस सकाळी उठल्याबरोबर ती जागा धुवावी. इथे मात्र धुण्याचा खरोखर उपयोग असतो.

मोठ्यांत जांघेतून मागे पसरणारा गोल कडांचा नायटा ही गेल्या दशकात देशभर फोफावलेली साथ आहे. तिच्यामागच्या बुरशीला 2020मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे भारताच्या नावाचे नाव मिळाले; त्यात अभिमानासारखे काही नाही. साथ चिघळायला औषधाच्या दुकानात मिळणारी मिश्र मलमे बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत. त्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र वाढत राहते. महिनोन् महिने लावल्याने या नाजूक जागेची त्वचा कागदासारखी पातळ होते, चिरते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि 2018मध्ये सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, पण दुकानदाराकडे ‘ती नळी द्या’ म्हणण्याची पद्धत गेलेली नाही. मूळव्याधीच्या मलमांतल्या बधिरता आणणाऱ्या औषधांनीही काहींना ॲलर्जी होते. रोगापेक्षा मलमच खाजवू लागते.

साध्या दाहावर उपाय थोडके आहेत. सगळी मलमे आणि साबण बंद. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे, पाण्यात काहीही न टाकता. नंतर टिपून पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. झिंकचा थर दर वेळी खरवडून काढू नये, वरचा मळ तेवढा पुसावा. आयुर्वेदातले शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, हेही असेच पाणी अडवणारे, शांत करणारे आवरण आहे. खाज फार असेल तर डॉक्टर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, तेही एक-दोन आठवड्यांपुरतेच, देतात.

तान्ह्या बाळाला हेच लागू: पाणी, टिपणे, झिंक, आणि दिवसातला काही वेळ उघडे ठेवणे. डायपर रात्रभर बदलला नाही तर मूत्रातून तयार होणारा अमोनिया सामू चढवतो आणि मलातली विकरे जागी होतात. मात्र गुदद्वाराभोवती ठळक कडांचा लालभडक पट्टा दिसला आणि मूल शौचाला बसताना रडू लागले, तर ते स्ट्रेप्टोकोकसचे संक्रमण असू शकते. ते मलमाने हटत नाही, प्रतिजैविक लागते.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा बहुतेक घरांत सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते, आणि ती कशी करावी हे कोणी शिकवलेले नसते. मल होताच कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने, जोर न लावता काढावा. टिपून झिंक किंवा जेली लावावी. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाडावर लाली दिसली आणि दाबल्यावर ती पांढरी पडेना, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी असते. मधुमेही वृद्धांत चुण्यांमध्ये पांढरट थराची कँडिडा बुरशी वारंवार होते. साखर आटोक्यात आणल्याशिवाय ती जात नाही.

डॉक्टरकडे जाण्याबाबतीत ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण अजून जुनी झालेली नाही. संकोचापोटी लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात, आणि भिंतींवर रंगवलेल्या ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ या जाहिरातींचे त्यावरच चालते. तपासणी मात्र क्षणभराची असते: डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, बाहेरून पाहतात, गरज असेल तर एक छोटी नळी घालून आत पाहतात. ही सोय बिदरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे आणि कलबुर्गी, लातूरलाही. मलाबरोबर रक्त, काळा मल, शौचाच्या सवयीत अचानक बदल, वजन घटणे, गाठ, पू गळणारे छिद्र, यांपैकी काहीही असेल तर ती खाज समजून थांबू नये. पांढरे पडलेले, सुरकुतलेले पट्टे लायकेन स्क्लेरोससचे असू शकतात. चामखिळीसारख्या वाढीमागे विषाणू असतो. आणि महिनोन् महिने औषधाला दाद न देणारा लाल चट्टा क्वचित त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात असतो, म्हणून त्याचा तुकडा काढून तपासतात.

सर्व कारणे वगळूनही खाज उरलीच तर पातळ केलेले कॅप्सेसिनचे मलम वापरून पाहतात. ज्या मिरचीने चुरचुरते तिचाच अर्क 0.006 टक्के इतक्या अल्प प्रमाणात मज्जातंतूंचा खाजेचा निरोप बोथट करतो. तेही चालले नाही, तर मेथिलीन ब्लूचे इंजेक्शन त्वचेत देऊन तिथले बारीक मज्जातंतू बधिर करतात. याने अनेकांची खाज थांबते, जागा काही काळ निळी दिसते, आणि तिथली संवेदना काही आठवडे कमी झालेली राहू शकते.